वारा कुठून येणार? ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा इशारा आणि त्याची बातमी

२ जून २०२० च्या संध्याकाळी मी एक पट्टी लिहिली होती. टीव्हीच्या पडद्यावर खालून सरकते ती. ‘मुंबईला निसर्गचा तडाखा, उरले काही तास’. सहा शब्द. टाळेबंदीमुळे वाहिनीचा बातम्यांचा निम्मा डेस्क घरून काम करत होता आणि मीही डोंबिवलीतल्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. तासाभरात मामाचा फोन आला. मामाचं आगर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. माड, पोफळी, मिरीचे वेल, मधोमध कौलारू घर.

“अगं, तुमच्याकडे येतंय म्हणे वादळ. खिडक्या नीट लावून घ्या. पाणी भरून ठेवलंत का?”

मी म्हटलं, हो मामा, घेतो काळजी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ त्याच्याकडे गेलं. माझ्याकडे पाऊस पडला, वारा सुटला, समोरच्या इमारतीवरचा एक पत्रा रात्रभर वाजत राहिला. बस. मामाशी पुढचं बोलणं व्हायला सहा दिवस लागले, कारण तिथले टॉवर बंद होते.

त्या दोन दिवसांची पत्रकं, म्हणजे हवामान खात्याची बुलेटिन, मी नंतर पुन्हा पुन्हा वाचली. एवढ्या मोठ्या चुकीचा दोष अंदाजाचाच असणार, असं आधी वाटत होतं. तसं नव्हतं. अंदाज बराचसा बरोबर होता. पत्रकातून बातमीत येताना काय काय सांडलं, त्याचं हे प्रकरण आहे, आणि सांडणाऱ्यांत मीही होते.

वादळाचा प्रवास

ज्येष्ठातलं वादळ. अरबी समुद्राच्या आग्नेय आणि लगतच्या पूर्वमध्य भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि १ जूनला त्याचं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालची पायरी, झालं. २ जूनला दुपारपर्यंत चक्रीवादळ, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरच्या वरचा सलग वारा, आणि नाव मिळालं ‘निसर्ग’. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. एप्रिल २०२० मध्ये उत्तर हिंदी महासागरासाठी १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली होती, तिच्यातलं हे पहिलं. जुन्या यादीतलं शेवटचं नाव ‘अम्फान’ दोनच आठवड्यांपूर्वी, २० मे रोजी, बंगालच्या किनाऱ्यावर खर्ची पडलं होतं.

मराठीत या नावाने भलताच घोळ घातला. ‘निसर्गाने हिरावलं’, ‘निसर्गापुढे माणूस हतबल’ असे मथळे छापून आले. त्यातला निसर्ग कोणता, वादळ की सृष्टी, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. आम्हाला तर शब्दखेळ आयताच मिळाला होता, आणि शब्दखेळ मिळाला की डेस्कवर मजकुराकडे लक्ष कमी जातं, हा माझा अनुभव.

३ जूनला सकाळी ते ‘तीव्र चक्रीवादळ’ झालं. खात्याच्या प्रतवारीत ही पायरी ताशी ८९ ते ११७ किलोमीटरची. ‘अतितीव्र’ ही त्याच्या वरची, वेगळी पायरी. काही वाहिन्यांवर सकाळपासून ‘अतितीव्र’ चालू होतं, कारण ते जोरदार वाटतं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळाचा मध्य अलिबागच्या दक्षिणेला, साधारण मुरूडच्या बाजूला, जमिनीवर आला. सलग वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत.

हरिहरेश्वर ते दमण

आदल्या दिवसाच्या पत्रकात जमिनीवर येण्याची जागा कशी सांगितली होती, ते पाहा. हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ. हरिहरेश्वर रायगडच्या दक्षिण टोकाला, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी. दमण केंद्रशासित, गुजरातला लागून. नकाशावर पट्टी ठेवली तर मधलं अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर भरतं. या एवढ्या किनाऱ्यावर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग, उरण, मुंबई, वसई, केळवे, डहाणू सगळं येतं.

आता डेस्कवरचा माणूस हे वाक्य वाचतो. अडीचशे किलोमीटर पट्टीत मावत नाहीत. त्याला एक गाव हवं असतं. पत्रकात तीन नावं आहेत: हरिहरेश्वर, दमण आणि अलिबाग. तो चौथंच उचलतो. मुंबई. ते त्या पट्ट्याच्या साधारण मधोमध येतं, प्रेक्षक तिथे आहेत, कॅमेरे तिथे आहेत, आणि मरीन ड्राइव्हवर उडणाऱ्या लाटेचं चित्र फुकट मिळतं.

याला मी खोटं म्हणणार नाही. मुंबई खरोखर धोक्याच्या पट्ट्यात होती. त्या काळात खात्याच्या २४ तास आधीच्या अंदाजात वादळाचा मध्य सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटर इकडेतिकडे व्हायचा, आणि ही कामगिरी चांगलीच मानायची. अलिबाग ते कुलाबा हे सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटर, मुरूड ते कुलाबा साधारण पासष्ट. म्हणजे आदल्या दुपारी मुंबई की मुरूड, हे सांगण्याइतकी बारीक नजर कुणाकडेच नव्हती. खात्याकडे नव्हती म्हणून त्यांनी पट्टा सांगितला. आमच्याकडेही नव्हती, तरी आम्ही गाव सांगितलं.

नकाशावर त्या पट्ट्याचं चित्र शंकूसारखं काढतात. आज वादळ आहे तिथे अरुंद, पुढे पसरत जाणारं. मध्ये एक रेघ असते. बघणारा त्या रेघेकडे बघतो. रेघ आपल्या गावावरून गेली नाही की त्याला हायसं वाटतं. खरं तर शंकूच्या कडेला असलेल्या गावालाही वादळ तेवढ्याच जोमाने येऊ शकतं, कारण शंकू सांगतो तो फक्त मध्य कुठे असेल याचा अंदाज. वाऱ्याचा घेर त्याच्याही बाहेर जातो.

आणखी एक गोष्ट बदलत होती, ती वेळ. आधीच्या पत्रकांत वादळ ३ जूनच्या संध्याकाळी-रात्री येणार असं होतं. नंतरच्या पत्रकांत ते दुपारवर आलं. प्रत्येक पत्रकाला क्रमांक असतो, तारीख असते, कोणत्या वेळेच्या निरीक्षणांवर ते आधारलंय तेही असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना डोक्याचा हा भाग कापला जातो आणि उरतो तो नकाशा. मामाच्या गावातल्या गटात ३ जूनच्या सकाळीही ‘रात्री येणार’ असलेला नकाशा फिरत होता. तो खोटा नव्हता, शिळा होता. शिळा अंदाज ओळखायची सवय आपल्याला नाही. दुधाची पिशवी घेताना तारीख बघणारी माणसं इशारा घेताना बघत नाहीत.

तेवढ्यासाठी जुनी बावट्याची पद्धत मला बरी वाटते. बंदरावर कितवा बावटा लागलाय, हे अजूनही किनाऱ्यावर विचारतात. १ पासून ११ पर्यंत आकडे, दिवसा बावटे, रात्री दिवे. ११ चा अर्थ मोठा विलक्षण आहे: हवामान केंद्राशी संपर्क तुटला, आता तुमचं तुम्ही बघा. बावट्याला शिळेपण नाही. वर आहे तर आहे, उतरवला तर नाही.

मतलई कुणाला, खारा वारा कुणाला

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे, आणि त्या दोन दिवसांत पडद्यावर कुणी तो सांगितल्याचं मला आठवत नाही.

आपल्याकडची चक्रीवादळं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. एक कागद घ्या, त्यावर कोकणचा किनारा उभा काढा, डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन. किनाऱ्यावर एक ठिपका द्या, तो मुरूड. ठिपक्याभोवती उलट्या दिशेने गोल बाण काढा. ठिपक्याच्या वर, म्हणजे उत्तरेला, बाण जमिनीकडून समुद्राकडे जातो. ठिपक्याच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, बाण समुद्राकडून जमिनीकडे येतो.

एवढंच. वादळाचा मध्य मुरूडजवळ आला तर उत्तरेची मुंबई जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्यात, मतलईत. समुद्र किनाऱ्यापासून मागे ढकलला जातो. दक्षिणेचं दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीची किनारपट्टी, वेळास, केळशी, आंजर्ले, हे सगळं समोरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात. शिवाय वादळ ईशान्येकडे सरकत असल्यामुळे त्याच्या उजव्या अंगाला वाऱ्याच्या वेगात सरकण्याच्या वेगाची भर पडते. उजवं अंग म्हणजे हेच, दक्षिणेचं.

हरिहरेश्वर धोक्याच्या पट्ट्याचं खालचं टोक होतं. ऐकणाऱ्याला वाटणार, आपण कडेला आहोत, थोडक्यात सुटू. दापोली-मंडणगड तर पट्ट्याच्या बाहेर. प्रत्यक्षात वादळ पट्ट्याच्या खालच्या भागात आलं आणि त्याची वाईट बाजू आणखी खाली पडली. अंदाजाला यात चूक म्हणता येणार नाही. वादळ पट्ट्यातच आलं. पण पट्टा हा वादळाच्या मध्याचा होता आणि लोकांनी तो नुकसानीचा पट्टा म्हणून वाचला. आम्हीही तसाच वाचला आणि तसाच वाचून दाखवला.

त्याच वाऱ्याने पार रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर एक जहाज आणून बसवलं. रत्नागिरी शहर मुरूडपासून सरळ रेषेत जवळजवळ दीडशे किलोमीटर दक्षिणेला. मुंबईत त्या वेळी वार्ताहर गेटवेसमोर उभा राहून ‘वादळाचा जोर ओसरतोय’ सांगत होता.

लाट की फुगवटा

पत्रकात आणखी एक ओळ होती. मुंबई, ठाणे, रायगडच्या सखल किनारी भागात समुद्राचं पाणी भरतीच्या नेहमीच्या पातळीपेक्षा एक ते दोन मीटर चढू शकतं, रत्नागिरीत अर्धा ते एक मीटर.

पडद्यावर याचं झालं ‘समुद्रात सहा फूट उंच लाटा’.

कोळीवाड्यातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. आषाढात सहा फुटी लाट म्हणजे शांत समुद्र म्हणायचा. त्या सहा फुटांनी घाबरायचं कशाला? पण पत्रक लाटेबद्दल बोलतच नव्हतं. वादळाच्या मध्याशी हवेचा दाब कमी असतो, त्याने पाणी जरासं वर उचललं जातं, दाब एक मिलिबारने उतरला की साधारण एक सेंटिमीटर. हे किरकोळ झालं. खरं काम वारा करतो. तो तासन् तास पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो आणि उथळ समुद्रात त्या पाण्याला खाली जायला जागा मिळत नाही, मग ते वर चढतं. मुंबईसमोरचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे, म्हणून तिथे हा धोका जास्त. लाट येते आणि जाते. हा फुगवटा येतो आणि थांबतो, खाड्यांतून आत शिरतो, आणि नेहमीच्या लाटा त्याच्या डोक्यावर बसून येतात.

यासाठी मराठीत सर्वमान्य शब्द नाही, ही खरी अडचण. ‘वादळी लाट’ म्हटलं तर लाटच डोळ्यासमोर येते. ‘उधाण’ हा जुना शब्द आहे, पण तो अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीसाठी वापरतात. शब्द नसला की इशारा पोचत नाही, हे फिलिपिन्समधल्या टॅक्लोबान शहराने नोव्हेंबर २०१३ मध्ये फार महागात पाहिलं. हैयान वादळाआधी तिथे याच गोष्टीचा इशारा दिला गेला होता. नंतर वाचलेले लोक सांगत होते की, ‘स्टॉर्म सर्ज’ हा इंग्रजी शब्द आम्हाला कळलाच नाही, त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो.

माझ्या मते पाणी मीटरमध्ये सांगूच नये. ‘भरतीचं पाणी देवळाच्या पायरीपर्यंत येतं ना, आज ते गाभाऱ्यात येईल’ असं सांगावं. त्यासाठी प्रत्येक गावात जाऊन पायरी मोजावी लागेल, हे मान्य. पायऱ्या काही पळून जात नाहीत.

तिथीची पाऊणपट

फुगवटा ‘भरतीच्या पातळीपेक्षा वर’ म्हणजे भरती कधी हे कळल्याशिवाय तो आकडा अर्धवट. ओहोटीला आलेला दीड मीटर वाळूवरच जिरतो. भरतीच्या टोकाला आलेला दीड मीटर घरात येतो.

किनाऱ्यावर याचा हिशोब तोंडी होतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. तासभर मागेपुढे होतं, पण मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर चालून जातं. ३ जून २०२० ला द्वादशी होती, आदल्या दिवशी निर्जला एकादशी झालेली. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊ-दहाला भरती, म्हणजे दुपारी तीन-चारच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. वादळाचा मध्य जमिनीवर आला साडेबारा ते अडीचला. समुद्र उतरत असताना.

पौर्णिमा दोन दिवसांवर होती, वटपौर्णिमा, ५ जूनला. म्हणजे भरती मोठी होती. तेच वादळ सकाळी नऊला आलं असतं किंवा रात्री दहाला, तर श्रीवर्धनच्या समुद्राकडच्या आळ्यांमध्ये वाऱ्याबरोबर पाणीही शिरलं असतं. मघाशी म्हटलं ना, आधीच्या पत्रकांत वेळ संध्याकाळ-रात्रीची होती. म्हणजे वादळाने वेळ अलीकडे घेतली, यात किनाऱ्याचं थोडं भलं झालं. हा हिशोब करायला उपग्रह लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तरी आमच्या दिवसभराच्या प्रक्षेपणात भरतीची वेळ मुंबईची तेवढी आली, आणि तीही ‘लाटांचं रौद्र रूप कधी पाहता येईल’ अशा थाटात.

१२९ वर्षं आणि एक लाख माणसं

आता जरा बाजूला जाते, कारण या चुकीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ‘मुंबईवर १२९ वर्षांनंतर चक्रीवादळ’ हे वाक्य त्या दोन दिवसांत देशी-परदेशी सगळ्यांनी चालवलं. २०२० वजा १२९ म्हणजे १८९१. तर १८९१ साली मुंबईवर कोणतं वादळ आलं होतं?

१८९१ हे हवामान खात्याच्या चक्रीवादळांच्या संग्रहाचं सुरुवातीचं वर्ष आहे. ‘१८९१ पासूनच्या नोंदीत’ असं कुणीतरी कुठेतरी म्हटलं, आणि पुढच्याने ते ‘१८९१ नंतर पहिल्यांदाच’ असं ऐकलं. वही जिथून सुरू झाली, त्या पानाला लोकांनी घटना समजलं. ‘या शाळेच्या हजेरीपटात १९५० पासून बघितलं’ याचा अर्थ ‘१९५० साली कुणीतरी गैरहजर होतं’ असा लावावा, तसं.

बरं, नोंद तरी खरी होती का? नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला चक्रीवादळाने झोडपलं होतं. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या मध्येच किनाऱ्यावर आलं. अकरा वर्षंही झाली नव्हती! ज्यांनी त्या दिवशी ती बातमी केली होती, त्यांतले काही जण ‘निसर्ग’च्या वेळीही त्याच खुर्चीत होते. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येणं दुर्मीळ, १९६१ नंतर हे पहिलं, एवढं म्हणता आलं असतं. पण त्यात ‘१२९’चा दणका नाही.

दुसरी गोष्ट याहून भारी. ‘१८८२ च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली’. इंटरनेटवर ही ओळ वर्षानुवर्षं आहे, चांगल्या चांगल्या ठिकाणी आहे, आणि ३ जूनला ती पुन्हा बाहेर आली. कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळधोक्यावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी या घटनेचा माग काढला. निष्कर्ष असा की, असं वादळ झालंच नव्हतं. नुसती साधी शंका घेतली असती तरी पुरलं असतं. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७ लाख ७३ हजार होती. त्यातली एक लाख म्हणजे आठांतला एक माणूस एका रात्रीत गेला असता. कुलाब्याची वेधशाळा तेव्हा पन्नास वर्षांहून जुनी होती, शहरात वर्तमानपत्रं निघत होती, सरकार कोंबड्या-बकऱ्यांची मोजदाद ठेवणारं होतं. आणि कुणी लिहून ठेवलं नाही?

अशा चुकीने काय बिघडतं, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं. बिघडतं हे की, ज्याला मोजमाप म्हणून वापरायचं तेच खोटं निघतं. एक लाखाची गोष्ट ऐकून बसलेला माणूस ३ जूनच्या संध्याकाळी मुंबईतली पडलेली झाडं बघतो आणि म्हणतो, ‘हे होतं होय वादळ!’ पुढच्या इशाऱ्याला तो खिडकीत चहा घेऊन बसणार.

‘संकट टळलं’

३ जूनच्या संध्याकाळी आमची पट्टी बदलली. मुंबईवरचं संकट टळलं. ती कुणी लिहिली हे आठवत नाही, मीही असेन. त्या वेळी रायगडच्या दक्षिण भागातून काहीच येत नव्हतं. वीज गेली होती, मोबाइलचे टॉवर बंद होते, झाडं आडवी पडून रस्ते बंद होते. बातमी येत नाही म्हणजे काही झालं नसावं, असा डेस्कचा स्वभाव. खरं तर उलट समजायला हवं होतं. पन्नास गावांमधून सकाळपर्यंत फोन येत होते आणि दुपारनंतर एकाही गावातून येत नाही, हीच बातमी होती. अकरा नंबरचा बावटा.

प्रशासनाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आदल्या दिवसापासून शाळांत, पक्क्या इमारतींत हलवलं होतं, तेही कोरोनाच्या भीतीत, अंतर राखून बसवायची कसरत करत. मच्छीमारांच्या होड्या आधीच किनाऱ्याला लागल्या होत्या. एवढ्या वादळात राज्यातल्या मृतांचा आकडा एकेरीत राहिला, तो याच कामामुळे. तेव्हा इशारा वाया गेला असं म्हणता येणार नाही. माणसं वाचवण्यापुरता तो पोचला. वाऱ्यासाठी घर बांधून-आवळून ठेवणं, गॅस-पाणी-धान्य-औषधं महिन्याची भरणं, कागदपत्रं उंचावर ठेवणं, यासाठी लागते ती ‘आपल्यावर येतंय’ ही खात्री, ती मात्र पोचली नाही. मामाने पडवीतली सुपारी आत घेतली नव्हती. ‘मुंबईला येतंय म्हटल्यावर आपल्याकडे पाऊस पडेल, एवढंच’ असं त्याला वाटलं.

सहाव्या दिवशी तो कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून, रेंज मिळते त्या टेकाडावर गेला आणि फोन केला. घराची कौलं अर्धी गेली होती. तो त्याबद्दल फार बोलला नाही. पोफळींबद्दल बोलला. पोफळ म्हणजे वीतभर जाडीचा, तीस-चाळीस फूट सरळ चढलेला खांब. एकट्या पोफळीला वाऱ्यात वाकायची सवय असते, पण दाट आगरात एक माड कोसळला की तो चार पोफळी घेऊन पडतो आणि त्या पुढच्या चार. “पत्त्यांचा बंगला गं. पहिल्या तासात मोजत होतो, मग मोजायचं सोडलं.” श्रीवर्धनची रोठा सुपारी यांच्यावर येते. नवीन रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं. मामा तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. गावात वीज पुन्हा यायला महिन्याच्या वर गेला.

मुख्यमंत्री ५ जूनला अलिबागला येऊन गेले, रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर झाली, रत्नागिरीसाठी ७५, सिंधुदुर्गसाठी २५. मग पंचनामे, मग हेक्टरी भरपाई की झाडामागे भरपाई हा वाद, कारण आगरं गुंठ्यांत असतात आणि सरकारी कोष्टक हेक्टरात. तो वेगळाच अध्याय आहे.

पुढच्या वर्षी

१७ मे २०२१, सोमवार. ‘तौक्ते’. हे वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणारच नव्हतं. ते समुद्रातून उत्तरेला सरकत गुजरातकडे चाललं होतं आणि रात्री उना-दीवच्या बाजूला जमिनीवर गेलं. तरी त्या दुपारी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. गेटवेच्या कठड्यावरून समुद्र आत आला, कठडा फुटला, फरशीवर कचऱ्याचे ढीग पडले. मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. ‘निसर्ग’ मुंबईला ‘धडकणार’ होतं आणि समुद्र मागे सरला. ‘तौक्ते’ नुसतंच ‘बाजूने जाणार’ होतं आणि समुद्र रस्त्यावर आला. कारण तेच, कागदावरचा ठिपका आणि बाण. या वेळी ठिपका मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रात होता. ठिपक्याच्या उजवीकडे वारा दक्षिणेकडून वर चढतो, थेट बंदराच्या तोंडातून आत.

सकाळी मामाचा फोन आला. त्याच्याकडे वारा सुरू झालाच होता, नवीन टाकलेले पत्रे त्याने दोरांनी आवळले होते.

“आज पंचमी. पावणेचारला भरती,” तो म्हणाला. “आणि वारा दक्षिणेचा. तुमच्या कुलाब्याला सांग कुणीतरी.”

मी पट्टी लिहिली: ‘दुपारी पावणेचारला भरती, वारा दक्षिणेकडून, गेटवे, कुलाबा, ससून डॉकच्या किनाऱ्यापासून दूर राहा’. ती लागली. दहा मिनिटांनी शिफ्टच्या प्रमुखांचा मेसेज आला की, यात वादळाचं नाव कुठे आहे आणि भरतीचं काय घेऊन बसलीस, वादळ तर गुजरातला चाललंय. पट्टी उतरली. तिच्या जागी ‘तौक्ते गुजरातच्या दिशेने, मुंबईला दिलासा’ अशी पट्टी आली आणि ती सव्वातीनपर्यंत सरकत होती.